तोफांना हसणारा माणूस

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. फोनवर मी ओरडते, तुला भलतंच ऐकू येतं आणि मधल्या मध्ये आमच्या शेजाऱ्यांना घरातलं सगळं कळतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

विषय तुझे बंधुराज. बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. डावा डोळा पहिल्यापासून नावालाच, आणि घड्याळजीचा उजवा डोळा गेला तर त्याने दुकान उघडायचं कशासाठी? डॉक्टर म्हणाले, पंधरा मार्चच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. बाबा म्हणतात, सध्या दुकानात फार काम आहे. दुकानात तीन घड्याळं आणि एक माशी आहे. परवा त्यांनी एका बाईंच्या घड्याळाला दुसऱ्याच घड्याळाचे काटे बसवले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, काटे सुंदर आहेत, पण माझे नाहीत.

मला समजतच नाही, आत्या. हा माणूस तोफांना हसला होता. आजी त्यांचं आघाडीवरून आलेलं पत्र अख्ख्या गल्लीला वाचून दाखवायची, "तोफा सुरू झाल्या की मला हसू येतं", आणि अजूनही म्हातारी माणसं त्यांना त्याच नावाने ओळखतात. दरवर्षी एक मार्चला शाळेत त्यांचं भाषण असतं, 'युद्धाने मला शिकवलेले सात धडे'. पहिला धडा, संकट आलं की हसा. दुसरा, भीती दारात आली तर तिला पाणीसुद्धा विचारू नका. सातही मला झोपेत म्हणता येतील. आणि असा माणूस पंधरा मिनिटांच्या ऑपरेशनला नाही म्हणतो.

तू त्यांची थोरली बहीण. टेबलावर बसून का होईना, तूही ते युद्ध पाहिलंस. जुना शिपाई जागचा कसा हलवायचा ते कळव.

तुझी,
ठमी


९ फेब्रुवारी

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद, आणि एक दुरुस्ती. आम्ही टेबलावर बसत नव्हतो, टेबलाशी बसत होतो. एका जुन्या गोदामात अकरा बायका, एक खडूस साहेब आणि पत्रांची पोती. शिपायांनी घरी लिहिलेलं प्रत्येक पत्र आम्ही आधी वाचायचं. गावाचं नाव, नदीचं नाव, माणसांचा आकडा दिसला की त्यावर काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा. घरच्यांचा धीर खचेल असं काही दिसलं तर त्यावरही. तुझ्या बाबाने बंदूक चालवली, मी ब्रश चालवला. दिवसाकाठी त्याच्यापेक्षा माझ्याच हातून जास्त पडत असतील, ओळी का होईना.

त्या टेबलाशी मी जे शिकले ते भाषणात सांगण्यासारखं नाही. जेवण चांगलं आहे असं पत्रात दोनदा आलं की समजावं, पोरगा उपाशी आहे. हवामानावर चार ओळी आल्या की काहीतरी वाईट घडलेलं आहे. तुझ्या पत्रात हवामान औषधालाही नाही, म्हणजे तू खरंच काळजीत आहेस.

आता डावपेच. एक, त्याला समोरून भिडू नकोस. तो शिंगं रोखून उभा राहील. दोन, रसद तोड. डोळ्याला लावायचं त्याचं भिंग लपव. नाक दाबलं की तोंड उघडतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, शत्रूला मागे फिरायला एक वाट मोकळी ठेवावी, म्हणजे त्याला मान खाली न घालता जाता येतं. दवाखान्यात जायला त्याला डोळ्याखेरीज दुसरं काहीतरी निमित्त दे.

उंटावरून शेळ्या हाकते आहे हे मला कळतं. पण उंट म्हातारा आहे आणि शेळ्या नातलग आहेत.

तुझी आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझी रसद तोडली. भिंग डाळीच्या डब्यात लपवलं. दोन दिवस बाबा गजराच्या घड्याळांची कामं बोटांनी चाचपून करत राहिले. त्यातली एक कमान, म्हणजे स्प्रिंग, सुटली आणि अजून सापडलेली नाही, आम्ही घरात चपला घालून फिरतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या चष्म्याची एक काच काढून तिचं भिंग केलं. आता आमच्या घरात कुणालाच दिसत नाही.

निमित्ताची युक्ती मात्र लागू पडली. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ महिनाभर बंद होतं. मी डॉक्टरांना विश्वासात घेतलं आणि त्यांनी बाबांना रीतसर बोलावणं पाठवलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, तासाभरात चालू केलं. मग डॉक्टर म्हणाले, तुम्ही माझं घड्याळ पाहिलंत, आता मला तुमचा डोळा पाहू द्या. खुर्चीत बसवलं, तपासलं, आणि ऑपरेशनचं सगळं नीट समजावून सांगितलं. तुम्ही जागे असाल, डोळा उघडाच राहील, अजिबात हलायचं नाही.

आणि आत्या, बाबा हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर हसले, नर्स हसली, बाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसले. रिक्षात हसले, घरी येऊन जेवेपर्यंत मधूनमधून हसत होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वीस वर्षांत इतका बेडर पेशंट पाहिला नाही, हा माणूस नुसता हट्टी आहे. चारचौघांत जरा लाजवा, म्हणजे येईल.

तर मी तेच करणार आहे. एक मार्चच्या भाषणानंतर प्रश्नोत्तरं असतात. पहिला प्रश्न मी विचारणार, तोफांना हसलात, मग डोळ्याचं ऑपरेशन कधी? मुख्याध्यापक तयार आहेत. चारशे पोरांसमोर त्यांना नाही म्हणता येणार नाही. कशी आहे युक्ती? शेवटी भाची कुणाची.

तुझी,
ठमी


२३ फेब्रुवारी

चि. ठमे,

शाळेतला बेत आजच्या आज रद्द कर. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते तू ठरव, पण पत्र पुढे वाचण्याआधी ते कर.

केलंस? आता बस. पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

आमच्या गोदामात एक नियम होता. आपल्या नातलगाचं पत्र हाती आलं तर ते उघडायचं नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचं. मी तो पाळला नाही. छोट्याचं, म्हणजे तुझ्या बाबाचं, अक्षर दिसलं की ते पत्र मी माझ्याच गठ्ठ्यात सरकवायची. मला आईच्याही आधी ते वाचायचं असायचं. मी चोवीस वर्षांची होते, तो एकवीसचा, आणि तो जिवंत आहे हे मला एक दिवस आधी कळायला हवं होतं.

तुझा बाबा फार घाबरलेला होता, ठमे. प्रत्येक पत्रात तो आईला तेच लिहायचा, लपवाछपवी नाही. आणि मी घरच्यांचा धीर खचू नये म्हणून प्रत्येक पत्रात तेच खोडायची. आई एकटी होती, तिला रक्तदाब होता, मला वाटलं हे वाचून ती जाईल. तुझी आजी ज्या वाक्याने गल्ली गाजवायची ते वाक्य मी बनवलं. त्याने लिहिलं होतं, "तोफा सुरू झाल्या की मला हसू येतं. ते भीतीचं हसू असतं, आई, आणि ते थांबवता येत नाही." मी पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसऱ्यावर ब्रश फिरवला.

तो परत आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. त्याला काही कळेना. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले. मग ते नाव चिकटलं, दुकान निघालं, शाळा मागे लागली. एका ब्रशाच्या फटकाऱ्याने मी माझ्या भावाचा वीरपुरुष करून ठेवला आणि त्याला जन्मभर तसं वागावं लागलं. त्या खुर्चीत तो बेडरपणे हसत नव्हता. ते तेच भीतीचं हसू होतं. ते ओळखणारं माणूस त्या खोलीत कुणी नव्हतं, आणि तू त्याला चारशे पोरांसमोर उभा करणार होतीस.

मला रागाव. मी तयार आहे.

तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

मुख्याध्यापकांना कळवलं की बाबांना सर्दी झाली आहे. बाबांना कळवलं की मुख्याध्यापकांना सर्दी झाली आहे. यंदा भाषण नाही.

रागावले आहे. तुझं पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले आणि दोन गिऱ्हाइकं परत गेली. आठव्या वर्षी माझी दाढ काढली तेव्हा मी हूं की चूं केलं नाही, कारण मी तोफांना हसणाऱ्याची मुलगी. बाळंतपणात ओरडले नाही. नर्सला वाटलं अजून वेळ आहे आणि ती चहा प्यायला गेली. तुझा नातू जवळजवळ माझ्या एकटीच्या हातात जन्मला. मला आयुष्यभर वाटत आलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे, बापाचं काळीज आपल्याला मिळालं नाही. आणि आता तू सांगतेस की मिळालं होतं, तेच मिळालं होतं.

काल बाबा बाकावर बसून घड्याळाचं एक चाक चिमट्यात धरत होते. चाक तीनदा पडलं. तिसऱ्यांदा ते उचलायला वाकले नाहीत. मला वाटलं जाऊन पाठीवर हात ठेवावा. पण काय बोलू? मला हे माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. मी बोलले तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल.

हे तूच बिघडवलंस, तूच दुरुस्त कर. त्यांना लिही. पंधरा मार्चला आता फार दिवस नाहीत.

ठमी

ता.क. भिंग परत दिलं आहे. अक्षर मोठं काढ.


२ मार्च

छोट्या,

अक्षर मोठं काढते आहे. ठमीने बजावलं आहे. डोळ्याचं मला कळलं आहे, तेव्हा आधी दुकानातल्या कामाची सबब सांगू नकोस.

तुझी काही वाक्यं माझ्याकडे पंचेचाळीस वर्षं पडून आहेत. ती तुला परत करायची आहेत.

"तोफा सुरू झाल्या की मला हसू येतं. ते भीतीचं हसू असतं, आई, आणि ते थांबवता येत नाही."

"बुटात पाणी आणि पोटात गोळा, दोन्ही वाळत नाहीत."

"कालची गस्त मी आजारी आहे सांगून चुकवली. आजारी नव्हतो. माझ्या जागी जो गेला तो परत आला, त्याला मी माझ्या वाटणीची साखर दिली."

"मी शूर नाही हे मला इथे आल्यावर कळलं. तुला आधीच माहीत असेल."

आणखी आहेत. सगळी पाठ आहेत, कारण मी ती खोडण्याआधी दोनदा वाचायची. आईला गेलेल्या तुझ्या पत्रांवर माझाच ब्रश होता. नियमाने मी ती उघडायलाच नको होती. मला वाटलं मी आईला वाचवते आहे, पुढे वाटलं तुलाही मान मिळतो आहे, मग काय वाईट. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की तू एवढा घाबरला आहेस तर तू परत येणार नाहीस. ती वाक्यं मला माझ्याच डोळ्यांसमोरून नाहीशी करायची होती.

तुला तोफांना हसणारा मी केलं. तुझ्या तोंडून 'भीती' हा एक शब्द मी काढून घेतला आणि तुला तो आजतागायत परत उच्चारता आला नाही. आज तो न उच्चारल्यामुळे तुझा डोळा जायची वेळ आली आहे. मला काय शिक्षा द्यायची ती दे, पण डोळ्याला देऊ नकोस. ज्याला भीती वाटते त्याचंसुद्धा ऑपरेशन होतं.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. ओळी वर चढल्या असतील, काही एकमेकींच्या अंगावरही गेल्या असतील. सांभाळून घे. ठमीला लिहायला सांगितलं असतं, पण हे मला स्वतः लिहायचं आहे.

तुझं पत्र भिंगाने एकेक शब्द करून वाचलं. अर्धा दिवस लागला. मग मी हसलो, आणि या वेळचं हसू साधं होतं, कारण ताई, तुझं काम अगदी भिकार होतं. शाई पातळ होती. साहेब तिच्यात पाणी घालत असणार.

मी परत आलो त्या आठवड्यातली गोष्ट. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण पडलं आणि मला ते हसू सुटलं. थांबेना. आई चुलीपुढून उठली, दार लावून घेतलं, माझ्याशेजारी येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "येऊ दे. थांबवायला जाऊ नकोस. ते थांबेपर्यंत मी इथेच बसलेय."

ते हसू भीतीचं असतं हे मी जगात एकाच ठिकाणी लिहिलं होतं. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, कागद खिडकीशी धरला की काळ्याखालचं सगळं दिसतं. मग म्हणाली, "ताईला सांगू नकोस. पोरीला वाटतंय तिनं मला सांभाळलं. वाटू दे तसं."

म्हणून मी सांगितलं नाही. आईने तुला राखलं, तू आईला राखलंस, आणि दोघींच्या मध्ये मी वीरपुरुष होऊन बसलो. ते वाक्य गल्लीला वाचून दाखवणारी तीच. मी विचारलं तर म्हणाली, लोकांना चांगलं तेवढंच ऐकवायचं असतं. आपल्या घरात तू दुसऱ्या नंबरची सेन्सॉर, ताई, पहिली आई.

तेव्हा त्या वाक्यांचं ओझं तू उगाच वाहिलंस. ती पोचली होती. माझ्या भाषणांचा दोषही तुझ्याकडे घेऊ नकोस. पहिल्या वर्षी तू कुठे होतीस? माईक माझ्या हातात होता. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा खरं बोलायला फार मोठं काळीज लागतं, आणि माझं किती मोठं आहे ते तुला ठाऊक आहे. आई होती तोवर निदान एका माणसापुढे सोंग करावं लागत नव्हतं. ती गेल्यापासून मात्र ते मी एक दिवसही उतरवलेलं नाही.

तुझं पत्र वाचून झाल्यावर ठमीला हाक मारली आणि तिला म्हटलं, मला त्या चाकूची भीती वाटते. ती मोठ्याने रडायला लागली. मग म्हणाली, मलाही दाढेच्या वेळी वाटली होती. कुठली दाढ ते मला अजून कळलेलं नाही, पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन तेच सांगितलं. ते म्हणाले, अहो, सगळ्यांनाच वाटते, त्यासाठी आमच्याकडे गोळी आहे, तुम्ही बोलला असता तर पहिल्याच दिवशी दिली असती. गोळी आहे, ताई. एवढीशी, पांढरी. पंचेचाळीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

मंगळवारी, चौदा तारखेला सकाळी नऊ वाजता ऑपरेशन ठरलं आहे. आत घेईपर्यंत एका माणसाला शेजारी बसू देतात. ठमी म्हणते मी बसते. तिला नको म्हटलं. तिच्यासमोर घाबरायला मी नुकता शिकतो आहे, आणि पहिल्याच परीक्षेला नापास झालो तर पुन्हा हसायला लागेन. आई असती तर तिला बोलावलं असतं. ज्याच्यासमोर मी कधीच शूर नव्हतो असं आता एकच माणूस उरलं आहे. तुला जमेल का यायला?

तुझा,
छोट्या


११ मार्च

छोट्या,

सोमवारी दुपारच्या गाडीने पोचते. बॅग भरून दाराशी ठेवली आहे, शेजारणीला कुलपाची किल्ली दिली आहे.

तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईचा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा इतकी रडले की पोस्टमनने थांबून पाणी आणून दिलं. तो मला ओळखतो, त्याला वाटलं कुणीतरी गेलं. मी त्याला सांगितलं, गेलं नाही, उलट सापडलं आहे.

मंगळवारी मी तुझ्याशेजारी बसेन. धीर देणार नाही, कारण तो माझ्याजवळ नाही. तू तिकडे होतास ते सारे महिने मी त्या टेबलाशी रोज थरथरत होते आणि त्याबद्दल मी कुणाला एक ओळही लिहिली नाही. तुझ्या डोळ्याचं कळल्यापासून मला पुन्हा तशीच भीती वाटते आहे, हे अक्षरावरून तुला दिसणार नाही म्हणून सांगते. तेव्हा गोळी अर्धी मला ठेव. या खेपेला आपण दोघं मिळून घाबरू.

ताई